पणजोबांचं नाव कुठे सापडेल? जनगणना आणि मृत्यूनोंदींतून घराण्याचा माग कसा काढायचा

आजोबांचं पूर्ण नाव बहुतेकांना पाठ असतं. पणजोबांचं नाव विचारलं की गावाकडच्या एखाद्या वयस्कर नातेवाईकाला फोन लावावा लागतो. आणि पणजीचं नाव? तिथे बहुतेक घरांत शांतता पसरते.

महाराष्ट्रात हा प्रश्न आता निव्वळ कुतूहलाचा राहिलेला नाही. जात पडताळणीसाठी वाडवडिलांचा पुरावा हवा असतो, वडिलोपार्जित जमिनीवर वारस लावायचे असतात, कुणाला परदेशातल्या नागरिकत्वासाठी आजोबांचा जन्म सिद्ध करायचा असतो. २०२३ साली राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तेव्हा तहसील कार्यालयांच्या अभिलेख कक्षांत वर्षानुवर्षं बांधून ठेवलेली दप्तरं पुन्हा उघडली गेली. 'कोतवाल बुक', 'गाव नमुना १४', 'खासरा पत्रक' हे शब्द घरोघरी पोहोचले.

पण नोंद नेमकी कुठे असते? जनगणनेत आपल्या पूर्वजांचं नाव मिळतं का? मृत्यूनोंदीतून काय काय कळतं? समजून घेऊया.

जनगणनेच्या कागदांत पूर्वजांचं नाव मिळतं का?

थेट उत्तर द्यायचं तर, भारतात नाही.

भारतात जनगणनेची सुरुवात १८७२ची मानली जाते. संपूर्ण देशात एकाच वेळी झालेली पहिली जनगणना १८८१ची. तेव्हापासून २०११पर्यंत दर दहा वर्षांनी ती झाली. २०२१ची जनगणना पुढे ढकलली गेली आणि आता १ मार्च २०२७ ही नव्या जनगणनेची संदर्भ तारीख ठरली आहे.

प्रत्येक वेळी प्रगणक घरोघरी गेले आणि त्यांनी माणसांची माहिती टिपली. मग ती नावं गेली कुठे? जनगणनेचा उद्देश आकडे मिळवणं हा आहे. घराघरांतून आलेल्या माहितीची बेरीज होते, तक्ते तयार होतात, अहवाल छापला जातो. वैयक्तिक माहितीचे कागद लोकांसाठी जपून ठेवण्याची पद्धत आपल्याकडे नाही.

शिवाय कायद्याची भिंत आहे. जनगणना अधिनियम, १९४८ च्या कलम १५ नुसार प्रगणकाने केलेल्या नोंदी पाहण्याचा अधिकार कुणालाही नाही. दिवाणी दाव्यात त्या पुरावा म्हणूनही चालत नाहीत. लोकांनी न घाबरता खरी माहिती द्यावी, हा त्यामागचा हेतू.

त्यामुळे "१९३१च्या जनगणनेत आमच्या पणजोबांची जात लिहिली आहे, तो कागद काढून देतो" असं सांगून कुणी पैसे मागत असेल, तर सावध राहा. १९३१चे छापील अहवाल उपलब्ध आहेत. त्यात कोणत्या जिल्ह्यात कोणत्या जातीचे किती लोक होते याचे आकडे आहेत, एकाही सामान्य माणसाचं नाव नाही. हैदराबाद गॅझेटियरचंही तसंच. त्यात समूहांची माहिती आणि संख्या आहे, कुटुंबांची यादी नाही.

याला एक अपवाद आहे: १९५१चं नागरिक रजिस्टर

१९५१च्या जनगणनेच्या वेळी प्रगणकांनी गोळा केलेल्या माहितीवरून गावोगाव 'नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर' तयार करण्यात आलं होतं. आसाममधल्या एनआरसीच्या वादामुळे हे नाव देशभर पोहोचलं, पण १९५१चं रजिस्टर फक्त आसामपुरतं नव्हतं. महाराष्ट्रातही काही तहसील कार्यालयांच्या अभिलेखांत त्याच्या प्रती सापडतात. शिंदे समितीच्या शोधात ज्या कागदपत्रांची तपासणी झाली, त्यात या रजिस्टरचाही समावेश होता.

घरातल्या माणसांची नावं, त्यांचं कुटुंबप्रमुखाशी नातं, वय अशी माहिती एकाच ठिकाणी देणारा हा कागद वंशावळीसाठी मोलाचा आहे. तो प्रत्येक गावचा मिळेलच असं नाही. तरी तहसीलमध्ये अर्ज करताना त्याचं नाव आवर्जून लिहावं.

मग जनगणनेचा उपयोग काय?

नावं नसली तरी जनगणना गावाचा काळ दाखवते. १९५१पासून प्रत्येक जिल्ह्याची 'जिल्हा जनगणना पुस्तिका' निघते. त्यात गाववार लोकसंख्या असते. जुनं गाव कोणत्या तालुक्यात होतं, ते आजही वस्तीचं आहे की उजाड झालं, हे त्यातून कळतं. जिल्हे आणि तालुके अनेकदा तुटले, जोडले गेले. नोंद शोधताना जुना तालुका माहीत नसेल तर माणूस चुकीच्या कार्यालयात चकरा मारत राहतो.

दुसरा उपयोग म्हणजे मोठ्या आपत्तींचा अंदाज. मुंबई शहराची लोकसंख्या १८९१ साली सुमारे ८ लाख २२ हजार होती. १९०१ साली ती ७ लाख ७६ हजारांवर आली. मधल्या काळात, १८९६ साली, शहरात प्लेग आला होता. माणसं मेली आणि असंख्य कुटुंबं कोकणात, देशावर आपापल्या गावी परतली. तुमच्या घराण्याची एखादी शाखा याच सुमारास मुंबईतून गावी आली असेल, तर कारण इथे असू शकतं.

१९११ ते १९२१ या दशकात तर संपूर्ण भारताची लोकसंख्या घटली. २५ कोटी २१ लाखांवरून ती २५ कोटी १३ लाखांवर आली. जनगणनेच्या इतिहासात असं पुन्हा घडलं नाही. १९१८ची इन्फ्लुएन्झाची साथ हे त्याचं मोठं कारण. महाराष्ट्रात या साथीला लोक 'मानमोडी' म्हणत. घरच्या गोष्टींत "एकाच आठवड्यात तीन भाऊ गेले" असं काही ऐकलं असेल, तर १९१८च्या उत्तरार्धातलं मृत्यू रजिस्टर आधी पाहावं.

परदेशात वेगळी पद्धत आहे

ब्रिटनमध्ये जनगणनेचे नावांसह मूळ कागद १०० वर्षांनी लोकांसाठी खुले होतात. १९२१च्या जनगणनेचे कागद जानेवारी २०२२मध्ये खुले झाले. १९३१चे कागद मात्र १९४२ साली आगीत जळाले आणि १९४१ साली युद्धामुळे तिथे जनगणनाच झाली नाही. अमेरिकेत ही मुदत ७२ वर्षांची आहे. १९५०ची जनगणना एप्रिल २०२२मध्ये खुली झाली. घराण्यातलं कुणी शिक्षणासाठी, जहाजावर किंवा नोकरीनिमित्त त्या काळात या देशांत राहिलं असेल, तर तिथल्या जनगणनेत नाव सापडण्याची शक्यता आहे.

अर्थात, दहा वर्षांतून एकदा होणाऱ्या मोजणीत सगळेच सापडत नाहीत. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली परतल्या. म्हणजे १८८० आणि १८९० या दोन जनगणनांच्या मधल्या काळातच त्यांचं तिथलं वास्तव्य संपलं. त्यांच्या अस्थी मात्र न्यू यॉर्क राज्यातल्या पकिप्सी इथल्या दफनभूमीत आहेत आणि तिथे त्यांच्या नावाची शिळा आहे. जे जनगणनेत सुटतं, ते कधी कधी मृत्यूच्या खुणेत सापडतं.

मॉरिशसमधल्या मराठी कुटुंबांसाठी वेगळा मार्ग आहे. १८३४पासून भारतातून करारावर तिकडे गेलेल्या मजुरांचे कागद मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. नाव, वडिलांचं नाव, वय, जात आणि मूळ गाव असे तपशील त्यात मिळतात. काहींचे फोटोही आहेत.

मृत्यूनोंद इतकी महत्त्वाची का?

कारण महाराष्ट्रातल्या खेड्यांत सामान्य माणसाचं नाव सरकारी कागदावर येण्याचे प्रसंग फार थोडे होते. जमीन असेल तर महसुलाच्या कागदावर, शाळेत गेला तर हजेरीपटावर, आणि शेवटी मृत्यूनंतर. भूमिहीन, निरक्षर माणसासाठी तर अनेकदा मृत्यूची नोंद ही एकच नोंद असते.

जन्माच्या जुन्या नोंदीत एक अडचण आहे. बाळाचं बारसं होण्याआधीच नोंद व्हायची. त्यामुळे तिथे "अमक्यास मुलगा झाला" किंवा "मुलगी झाली" एवढंच आढळतं. त्या अमक्याला चार मुलगे असतील, तर ही नोंद कुणाची, हे कसं ठरवायचं? मृत्यूनोंदीत मात्र माणसाचं नाव असतं. अनेकदा वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, जात, वय आणि मृत्यूचं कारणही असतं.

कोतवाल बुक म्हणजे काय?

ब्रिटिश काळात गावातल्या जन्म-मृत्यूची नोंद ठेवण्याचं काम पाटील-कुलकर्णी आणि गावकामगारांकडे होतं. घरोघरची खबर आणणारा माणूस म्हणजे कोतवाल. म्हणून या रजिस्टरला लोक 'कोतवाल बुक' म्हणू लागले. महसुली भाषेत तो 'गाव नमुना १४' होता.

इथे एक गफलत होते. आजच्या महसुली पद्धतीत गाव नमुना १४ म्हणजे गावातल्या पाणीपुरवठ्याच्या साधनांची नोंदवही. त्यामुळे अर्जात नुसतं 'गाव नमुना १४' लिहिलं तर घोळ होऊ शकतो. "जन्म-मृत्यू नोंदीचा जुना गाव नमुना १४ (कोतवाल बुक)" असं स्पष्ट लिहावं.

स्वातंत्र्यानंतर जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ आला आणि देशभर नोंदणी सक्तीची झाली. त्याआधी १८८६चा एक कायदा होता, पण त्यातली नोंदणी ऐच्छिक होती. म्हणूनच जुन्या काळातली प्रत्येक नोंद मिळेल अशी खात्री कुणी देऊ शकत नाही.

नोंद कुठे मागायची?

१९६९च्या कायद्यानंतरच्या नोंदी: गावात मृत्यू झाला असेल तर ग्रामपंचायतीत, शहरात असेल तर नगरपरिषद किंवा महापालिकेच्या आरोग्य विभागात. जिथे मृत्यू झाला, तिथेच नोंद होते. आजोबा गावचे असले तरी त्यांचा मृत्यू पुण्याच्या दवाखान्यात झाला असेल, तर नोंद पुण्यातच असणार. अनेक कुटुंबं इथेच चुकतात.

त्याआधीच्या नोंदी: तहसील कार्यालयाचा अभिलेख कक्ष. गावाचं नाव, अंदाजे वर्ष आणि व्यक्तीचं नाव देऊन नक्कल मागण्याचा अर्ज करायचा.

१९६९च्या कायद्याचं कलम १७ इथे उपयोगी पडतं. त्यानुसार कुणीही ठरलेली फी भरून रजिस्टरमधली नोंद शोधायला सांगू शकतं आणि तिचा उतारा मागू शकतं. मात्र मृत्यूचं कारण त्या उताऱ्यात देता येत नाही. नोंद मिळाली नाही, तर 'नोंद उपलब्ध नाही' असा दाखला मागावा. तो नकार वाटला तरी तो जपून ठेवावा. पुढे वारस किंवा जात पडताळणीच्या प्रकरणात "शोध घेतला होता" हे दाखवायला तोच कामी येतो.

कार्यालयाकडून उत्तरच येत नसेल, तर माहिती अधिकारात अर्ज करता येतो. त्यावर साधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

गोव्यात पोर्तुगीज राजवटीत जन्म, विवाह आणि मृत्यू यांची नागरी नोंदणी होत होती. या नोंदी पोर्तुगीज भाषेत आहेत आणि नावांची स्पेलिंगही पोर्तुगीज वळणाची. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या वारसांना पोर्तुगीज नागरिकत्वाच्या अर्जासाठी याच नोंदी लागतात.

नोंद सापडली, पण वाचायची कशी?

इथे तीन अडथळे येतात.

पहिला, लिपी. जुनी रजिस्टरं बहुतांशी मोडीत आहेत. मराठवाड्यात निजामाची राजवट असल्यामुळे उर्दू कागदही मिळतात. मोडी सरावाने वाचता येते, पण हस्ताक्षर घाईचं असेल तर एकच शब्द दोन जाणकार वेगवेगळा वाचू शकतात. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आणि राज्याचं पुराभिलेख संचालनालय ही या कामातली जुनी ठिकाणं आहेत. मोडी शिकवणारे वर्गही अनेक शहरांत चालतात. सरकारी कामासाठी लिप्यंतर लागणार असेल, तर ते कुणाकडून केलेलं चालेल हे संबंधित कार्यालयाला आधी विचारावं.

दुसरा, सन. कागदावर १८४० दिसलं म्हणून तो इसवी सन असेलच असं नाही. शके १८४० म्हणजे इसवी सन १९१८. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो. वर्षाच्या शेवटच्या काही महिन्यांसाठी ७९ मिळवावे लागतात. मराठवाड्यातल्या कागदांवर फसली सन असतो. त्यात ५९० मिळवायचे. फसली १३५७ म्हणजे १९४७-४८, हैदराबाद संस्थान भारतात विलीन होण्याच्या सुमाराचं वर्ष.

तिसरा, नावं. आज आपण 'नाव, वडिलांचं नाव, आडनाव' असं लिहितो. जुन्या रजिस्टरमध्ये आडनाव असेलच असं नाही. तिथे 'रामा बिन गोविंदा' किंवा 'रामा वल्द गोविंदा' असं असतं. बिन आणि वल्द म्हणजे 'चा मुलगा'. 'सखू कोम रामा' किंवा 'सखू भ्रतार रामा' म्हणजे रामाची बायको सखू. घरात ज्यांना आपण 'रामचंद्रराव' म्हणून ओळखतो, ते कागदावर 'रामा' किंवा 'रामजी' असू शकतात. एका गावात चार 'रामा बिन गोविंदा' असतील, तर वय, जात आणि वारसांची नावं जुळवून खात्री करावी लागते.

मृत्यूच्या कारणाचे शब्दही जुने. पटकी म्हणजे कॉलरा, देवी म्हणजे स्मॉलपॉक्स, ग्रंथिक सन्निपात म्हणजे प्लेग. 'ताप' हे कारण मात्र जपून वाचावं. मलेरियापासून टायफॉइडपर्यंत काहीही त्या एका शब्दात मावायचं.

वयावर किती विश्वास ठेवायचा?

कमी. जन्मतारीख माहीत नसलेल्या काळात वय अंदाजाने लिहिलं जायचं, म्हणून रजिस्टरमध्ये ४०, ५०, ६० असे गोल आकडे भरपूर दिसतात. मृत्यूच्या वेळी ६० लिहिलं असेल, तर जन्माचा शोध पाच-सात वर्षं अलीकडे-पलीकडे घ्यावा.

यावर घरातलीच एक जुनी युक्ती चालते. वयस्कर माणसांना तारीख आठवत नाही, पण प्रसंग आठवतो. "पानशेत फुटलं तेव्हा मी पोटुशी होते" म्हणजे जुलै १९६१. "कोयनेचा भूकंप झाला त्याच महिन्यात मामंजी गेले" म्हणजे डिसेंबर १९६७. "बहात्तरच्या दुष्काळात", "किल्लारीच्या भूकंपाच्या आधी", म्हणजे सप्टेंबर १९९३ पूर्वी. असा एक प्रसंग मिळाला की रजिस्टरच्या शंभर पानांऐवजी चार पानं चाळावी लागतात.

मृत्यूनोंदीवरून पुढची पिढी कशी गाठायची?

मृत्यूची तारीख ही किल्ली आहे. ती मिळाली की महसूल दप्तराचं कुलूप उघडतं.

जमीनधारक वारला की त्याच्या वारसांची नावं लावण्यासाठी फेरफार होतो. हा फेरफार म्हणजे गाव नमुना ६ मधली नोंद. वारसांची वेगळी नोंदवही म्हणजे गाव नमुना ६ क. वारसाच्या फेरफारात साधारणपणे मयताचं नाव, मृत्यूची तारीख आणि मागे राहिलेले मुलगे, मुली, विधवा यांची नावं असतात. म्हणजे एका कागदावर दोन पिढ्या.

समजा, एका कुटुंबाला एवढंच माहीत आहे की पणजोबा १९४२च्या चळवळीच्या वर्षी वारले. तहसीलमधल्या रजिस्टरात १९४२ आणि ४३ची पानं पाहिली आणि मृत्यूनोंद सापडली. आता त्या तारखेनंतरच्या वर्ष-दोन वर्षांतले गावचे फेरफार पाहायचे. तिथे वारस फेरफारात तीन मुलगे आणि विधवा यांची नावं दिसली. त्यांतल्या एका मुलाचं नाव आजोबांचं. साखळी जुळली. त्याच गटाचा किंवा सर्व्हे नंबरचा आधीचा फेरफार पाहिला, तर पणजोबांच्या नावावर जमीन कुणाकडून आली तेही कळतं. तिथे बहुतेक वेळा खापरपणजोबा भेटतात.

फेरफारात काही आद्याक्षरं वारंवार येतात. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. एका भावाच्या नावापुढे हे असेल, तर जमीन त्याच्या एकट्याची नव्हती. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. वारस लहान असताना त्याच्या वतीने कोण होतं, हे त्यातून समजतं.

अनेक जिल्ह्यांतले जुने सातबारा आणि फेरफार स्कॅन होऊन महाभूमीच्या 'आपले अभिलेख' पोर्टलवर आले आहेत. तिथे न मिळालेले कागद तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, किंवा तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयात मागता येतात. मराठवाड्यात १९५४-५५चं खासरा पत्रक आणि विदर्भात 'अधिकार अभिलेख' हे कागदही पाहावेत.

घरातल्या बायका कुठे हरवल्या?

वंशावळ काढताना सर्वांत आधी तुटतो तो बायकांचा धागा. जन्मनोंदीत नुसती 'मुलगी', लग्नानंतर माहेरचं नाव बदललेलं, सातबाऱ्यावर नाव नाही. मृत्यूच्या रजिस्टरमध्येही कधी कधी 'अमक्याची बायको' इतकंच.

तरी काही ठिकाणी त्या भेटतात. नवरा वारल्यानंतरच्या वारस फेरफारात विधवेचं नाव येतं. जुन्या फेरफारांत बहिणींनी भावांच्या नावे हक्क सोडल्याच्या नोंदी असतात. त्या वाचताना वाईट वाटलं, तरी त्या काळच्या मुलींची नावं आणि सासरची गावं अनेकदा याच एका ठिकाणी लिहिलेली सापडतात. नाशिक, त्र्यंबकेश्वर इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांमध्ये यात्रेला आलेल्या कुटुंबांची नावं पिढ्यानपिढ्या लिहिलेली असतात. अस्थिविसर्जनाला कोण आलं होतं, याची नोंदही तिथे मिळते. कोल्हापूर-सांगली भागात घराण्यांच्या वंशावळी सांगणारे हेळवी हाही एक स्रोत आहे. या वह्या सरकारी पुरावा म्हणून पुरेशा ठरतीलच असं नाही, पण सरकारी नोंद कुठे शोधायची, याची दिशा त्या देतात.

जातीच्या दाखल्यासाठी कोणत्या तारखेआधीची नोंद लागते?

महाराष्ट्रात प्रवर्गानुसार वास्तव्याच्या मानीव तारखा ठरलेल्या आहेत. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्यापूर्वीचा पुरावा मागितला जातो, म्हणूनच जुन्या मृत्यूनोंदींना एवढं वजन आहे.

पण नुसती नोंद सापडणं पुरेसं नसतं. नोंदीतला माणूस आणि अर्जदार यांचं रक्ताचं नातं दाखवावं लागतं. मधली एक कडी सुटली तरी पडताळणीत प्रश्न येतात. इथे आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर, वारस फेरफार आणि मृत्यूनोंद हे सगळे कागद एकमेकांना आधार देतात.

आणि एक इशारा. नोंदीत आडनाव नाही, अक्षर पुसट आहे म्हणून मूळ कागदावर काही 'दुरुस्त' करण्याचा मोह कुणाला झाला, तर तो थेट गुन्हा आहे. पडताळणी समिती मूळ रजिस्टर मागवते. शाई, हस्ताक्षर, मागचे-पुढचे अनुक्रमांक पाहिले जातात. खाडाखोड उघड झाली तर खरा असलेला दावाही बुडतो.

नोंद मिळालीच नाही तर?

कागद वाळवीने खाल्ला असेल, पुरात भिजला असेल किंवा नोंद मुळात झालीच नसेल. आजही मृत्यूची खबर २१ दिवसांत द्यावी लागते. एक वर्ष उलटल्यावर नोंद करायची असेल, तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. २०२३च्या दुरुस्तीनंतर हा अधिकार जिल्हा दंडाधिकारी किंवा त्यांनी प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्यांकडे आहे. त्यामुळे अलीकडचा एखादा मृत्यू नोंदवायचा राहिला असेल, तर तो आधी मार्गी लावावा. आज टाळलेली नोंद म्हणजे नातवंडांच्या साखळीतली तुटलेली कडी.

सुरुवात कुठून करायची?

१. घरापासून. सर्वांत वयस्कर माणसाशी आधी बोला. नावं, टोपणनावं, मूळ गाव, कोण कधी आणि कुठे वारलं, हे प्रसंगांच्या आधाराने लिहून घ्या. शक्य असेल तर आवाज रेकॉर्ड करा.

२. घरातली कागदं काढा. जुने सातबारा, खरेदीखत, रेशन कार्ड, शाळेचे दाखले, तेराव्याच्या पत्रिका, देवघरातल्या पोथीच्या शेवटच्या पानावर लिहिलेल्या तारखा.

३. आपल्यापासून मागे जा. वडील, आजोबा, पणजोबा अशा क्रमाने. मधली पिढी सिद्ध झाल्याशिवाय तिच्या मागे उडी मारू नका.

४. प्रत्येक मृत्यूसाठी ठिकाण आणि अंदाजे वर्ष ठरवा. मग योग्य कार्यालयात अर्ज करा आणि पोचपावती घ्या.

५. मिळालेली प्रत्येक नक्कल साक्षांकित घ्या. रजिस्टरचं नाव, वर्ष, पान आणि अनुक्रमांक वहीत टिपून ठेवा. मोबाइलवरचा फोटो स्वतःच्या माहितीपुरता ठीक, पुरावा म्हणून नाही.

६. एका नोंदीवर विसंबू नका. नाव, वय आणि नातं किमान दोन वेगळ्या कागदांवर जुळलं पाहिजे.

या यादीतला पहिला मुद्दा सर्वांत सोपा वाटतो आणि तोच सर्वाधिक वेळा राहून जातो. तहसीलमधलं रजिस्टर पुढच्या वर्षीही बहुधा तिथेच असेल. पण त्यातला 'रामा बिन गोविंदा' म्हणजे आपलेच पणजोबा, हे ओळखून सांगणारी घरातली आजी तेव्हा असेलच असं नाही.